बालशिक्षणातला खेळ आणि स्वयंकृती

बालशिक्षणात खेळ आणि स्वयंकृती हे दोन शब्द नेहमी जोडीनेच येतात. स्वयंकृती म्हणजे मुलाने आपल्या मनाने सुरू केलेली, आपल्याच हाताने चालवलेली आणि मन भरलं की आपणच सोडून दिलेली गोष्ट. आपल्याकडे घराघरात "आधी अभ्यास, मग खेळ" असं म्हणतात, पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात असे दोन कप्पे नसतातच.

हा विचार पक्का मांडला तो जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने (१७८२–१८५२). तरुणपणी तो स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी या शिक्षणतज्ज्ञाकडे राहून शिकला, १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. त्याची खेळसाधनं 'भेटी' म्हणजे भेटवस्तू म्हणून ओळखली जातात: पहिली भेट लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरी लाकडी गोळा, दंडगोल आणि घन, आणि तिसरी मला सगळ्यात आवडते ती, म्हणजे एक लाकडी घन जो आठ छोट्या ठोकळ्यांत सुटतो, कारण मुलाला वस्तू हातात आली की आत काय आहे ते बघायचंच असतं, आपण त्याला मोडतोड म्हणून ओरडतो आणि फ्रोबेलने नेमकी त्याचीच सोय केली, सोडवा, परत जोडा, नाहीतर खुर्ची करा, जिना करा. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, ती उठली १८६० मध्ये, तोवर फ्रोबेल वारला होता.

मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथल्या मुलांना खेळण्यांपेक्षा खरी कामं जास्त आवडतात असं तिला दिसलं, म्हणून ती खेळापेक्षा 'काम' हा शब्द वापरायची. स्वयंकृतीवर मात्र तिचा विश्वास तेवढाच. चाळीच्या गॅलरीत बसलेली चार वर्षांची पोरगी बघा, पेल्यातलं पाणी बाटलीत ओतते, सांडतं, परत ओततेय, जीभ बाहेर, हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि दहाव्या वेळी धार बरोब्बर तोंडात पडते. ते कोणी शिकवलेलं नाही!

रशियाच्या वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवली, की नाटकी खेळ वाटतो मोकळा पण त्यात नियम असतात. भातुकलीत आई झालेली मुलगी पाहुण्यांना वाढून होईपर्यंत कुरमुऱ्यांना हात लावत नाही, एरवी तीच डब्यातून मूठभर उचलते. काठीचा घोडा झाला की वस्तू एक आणि अर्थ दुसरा, हे मुलाला जमायला लागतं, पुढे अक्षरांशी गाठ पडते तेव्हा हेच कामाला येतं.

मराठीत हे काम उभं केलं ताराबाई मोडकांनी. त्यांचा जन्म मुंबईचा, १८९२ चा. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी दादरला शिशुविहार चालवलं, मग मुंबईच्या उत्तरेला १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये जवळच्या आदिवासी भागात कोसबाडला गेल्या, सोबत सहकारी अनुताई वाघ. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची.

आज मुंबईत अडतं ते जागेवर नाही, घाईवर. ज्युनिअर केजीच्या मुलाची वही कोरी दिसली की आईबाबा घाबरतात, आणि त्यांचीही चूक म्हणवत नाही, पुढच्या ॲडमिशनची धास्ती खरी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातूनच असावा असं म्हटलंय.

मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. बालवाडीतल्या ताईंना सकाळी मुलं यायच्या आधी वस्तू हाताशी मांडाव्या लागतात, भांडण झालं तर मध्ये कधी पडायचं ते ओळखावं लागतं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे मनोरा पडणार हे दिसत असूनही हात मागे ठेवावा लागतो.