पेटी विकली गेली की विकली जात होती? एस्पेरांतोच्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

एस्पेरांतो म्हणजे जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा; मालवणातल्या आपल्या तिच्या पावसाळी वर्गात परवा '-आता' आणि '-ईता' या दोन कर्मणी प्रत्ययांवर गाडी अडली, म्हणून हे थोडं मागचं. मूळ १६ नियम, '-ओ'ने नाम, '-आस, -इस, -ओस'ने काळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाय.

१८८७ ला वॉर्सात पहिलं पुस्तक आलं त्यात पॅसिव्हचा, म्हणजे कर्मणी प्रयोगाचा, रूल अगदी छोटा होता: 'एस्ती' (असणे; भूतकाळी 'एस्तीस') हे क्रियापद घ्या, पुढे कर्मणी धातुसाधित (क्रियापदाला '-आता' किंवा '-ईता' लावून होणारं रूप) लावा, झालं. पण कुठलं धातुसाधित कधी लावायचं ते काय त्यात सांगितलेलं नव्हतं. १८९४ ला सुधारणांवर मतदान होऊन लोकांनी जुनीच भाषा ठेवली, १९०५ ला भाषेचा आधारग्रंथ (मूळ नियम आणि सरावाची वाक्यं) कायमचा ठरला, १९०७ ला सुधारणावाले इदो ही बदललेली भाषा घेऊन बाहेर पडले, पण हा प्रश्न तिथेच राहिला.

आता आपलं उदाहरण घेऊ. देवगडची आंब्याची पेटी काल वाशीत विकली. मराठीत तीन गोष्टी वेगळ्या सांगता येतात: पेटी विकली जात होती, पेटी विकली गेली, आणि पेटी आधीच विकलेली होती. एस्पेरांतोत यासाठी साधी रूपं दोनच, 'एस्तीस वेन्दाता' आणि 'एस्तीस वेन्दीता'. पहिल्याला '-आता' आणि तिसऱ्याला '-ईता', याबद्दल कोणाचंच भांडण नव्हतं, सगळा वाद मधल्या 'विकली गेली'चा. एक गट म्हणायचा की 'एस्तीस'ने जी वेळ सांगितली त्याच वेळी विक्री झाली, म्हणून '-आता', आणि '-ईता' म्हणजे त्याच्याही आधी झालेलं. या गटात बरेचसे जर्मन, डॅनिश बोलणारे, कारण त्यांच्या घरच्या भाषेत 'विकली गेली' आणि 'विकलेली होती' यांना सहायक क्रियापदच वेगळं लागतं. दुसरा गट म्हणायचा की काम पुरं झालं का चालू आहे एवढंच बघा, पुरं झालं तर '-ईता'.

मला दुसरीच बाजू पटते आणि त्याला कारण आहे. १९०५ च्या आधारग्रंथातल्या सरावात अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ ला झाला असं वाक्य आहे, आणि तिथे 'जन्मले'साठी स्वच्छ 'एस्तीस नास्कीता' आहे. जन्माची तारीख दिलीय, त्याच्या आधीचा प्रश्नच येत नाय. एवढा पुरावा समोर असून पन्नास-साठच्या दशकात यावर लेखच्या लेख लिहिले गेले, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, हे वाचून खरंच वाईट वाटतं. शेवटी १९६७ ला निर्णय झाला तो '-ईता'च्या बाजूने. हरलेल्या गटातल्या काहींनी तो मनापासून कधीच मानला नाय, आणि बाकीच्यांनी सोपी वाट धरली, पॅसिव्हच टाळायचा: 'ओनी वेन्दीस' म्हणजे कोणीतरी विकली, किंवा 'वेन्दीजीस' म्हणजे विकली गेली. आजच्या बोलण्यात हेच जास्त ऐकू येतं, आपणही बोलताना हेच वापरूया, '-ईता' लिहिताना.

हल्लीचा वाद सर्वनामांचा. 'ली' तो, 'शी' ती, आणि गेल्या काही दशकांत तरुण मंडळींनी आणलेलं 'री', ज्यात पुरुष-बाई काहीच सांगावं लागत नाय. २०१५ ला ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर कोर्स आल्यावर नवीन पोरं पुष्कळ आली आणि हे बोलणं आणखी वाढलं. आधारग्रंथातच 'मूल रडतंय कारण त्याला खायचंय' या वाक्यात मुलाला नपुंसक 'जी' आहे, आणि आपल्याकडे 'ता चेडू इला' म्हणताना कोणाला काही खटकत नाय. पण मोठ्या माणसाला 'जी' म्हटलं तर आजही बऱ्याच जणांना ते वस्तूला बोलल्यासारखं वाटतं, म्हणून 'री'. पुढच्या रविवारी हाच धडा घेऊ, '-ईता'ची वाक्यं तेवढी लिहून आणा.