चंद्रावर जाता येईल, पण परत यायचं कसं?

चंद्रावर पुन्हा माणूस जाणार अशी बातमी आली, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जुना मेसेज नव्याने फिरायला लागतो. १९६९ साली चंद्रावर कोणी गेलंच नव्हतं, सगळं स्टुडिओतलं शूटिंग. खरंच गेले होते तर १९७२ नंतर पन्नास वर्षं गप्प का बसले? खाली दहा-बारा जणांचे अंगठे. अशा मेसेजला उत्तर देण्यात वेळ घालवू नये हे कळतं, तरी मुंबईकरांसाठी एक गोष्ट सांगतोच. चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरवणाऱ्या अपोलो ११ मोहिमेचे आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत येऊन गेले, आणि त्यांना पाहायला लोकांनी तोबा गर्दी केली. अर्थात गर्दी हा काही पुरावा नव्हे. पुरावा तपासला गेला तो कुलाब्यात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रनमुन्यांपैकी काही तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे अभ्यासासाठी आले होते. तिथले शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांच्या गटाने त्या कणांमध्ये वैश्विक किरणांनी सोडलेले सूक्ष्म माग तपासले. डोक्यावर हवेचं पांघरूण नसलेल्या जमिनीवर प्रदीर्घ काळ उघडं पडून राहिल्याशिवाय खनिजात तसे माग उमटत नाहीत. ते स्टुडिओत बनवता येत नाहीत.

मग पन्नास वर्षं कोणी का गेलं नाही? पैसा. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले चार टक्क्यांहून जास्त एकट्या नासाकडे जात होते, आता अर्धा टक्काही जात नाही. शर्यत रशियाशी होती, ती जिंकली आणि तिजोरीला कुलूप लागलं. एवढीच ती गोष्ट.

मला सांगायचं आहे ते परतीबद्दल. चंद्रमोहीम म्हटलं की सगळ्यांच्या नजरा उड्डाणाकडे असतात. आग, धूर, उलटी मोजणी. त्यानंतर फार तर चंद्रावर उतरण्याची ती धाकधूक, जी आपण २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ च्या वेळी अनुभवली. पण माणसं पाठवली की त्यांना परत आणावं लागतं, आणि नव्या चंद्रमोहिमेचं घोडं एवढा काळ अडलं त्याचं एक मोठं कारण परतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात दडलेलं होतं.

ही नवी चंद्रमोहीम म्हणजे नासाची आर्टेमिस. आर्टेमिस १ ही तिची माणसांविना केलेली चाचणी. १६ नोव्हेंबर २०२२ ला ओरायन हे माणसांना नेण्यासाठी बनवलेलं यान निघालं, चंद्राला वळसा घालून ११ डिसेंबरला मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ पॅसिफिकमध्ये उतरलं. सगळीकडे वाहवा झाली. पुढे यानाच्या तळाचं उष्णतारोधक कवच नीट पाहिलं, तर शंभराहून अधिक ठिकाणी त्याचे टवके उडालेले. कवच झिजणार हे अपेक्षितच होतं. तुकडे सुटून जाणार हे नव्हतं. या टवक्यांचे फोटो लोकांसमोर यायला मे २०२४ उजाडलं, तेही नासाच्या महानिरीक्षकांच्या अहवालातून. डिसेंबर २०२४ मध्ये नासाने कारण सांगितलं. ते कारण वाचून मी अक्षरशः खूश झालो, कारण ते आपल्या साध्या समजुतीच्या बरोबर उलट आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला आधी एक शाळेपासून डोक्यात बसलेली कल्पना काढून टाकावी लागेल.

वातावरणात शिरणारं यान घर्षणाने तापतं, असं आपण सर्रास म्हणतो. उल्काही घर्षणानेच जळते म्हणतो. घर्षण असतं, पण उष्णतेचं मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण आहे दाबली जाणारी हवा. हवेचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर वेगाने इकडेतिकडे फिरत असतात. समोरून काही येत असेल तर त्याची ‘वर्दी’ पुढच्या रेणूंना साधारण आवाजाच्याच वेगाने मिळते. चंद्रावरून परतणारं यान येतं सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या तीसपटीहून अधिक. समोरच्या हवेला बाजूला सरकायला फुरसतच मिळत नाही. ती यानापुढे कोंडली जाते, एका पातळ थरात एकदम दाबली जाते आणि तिथल्या तिथे भयंकर तापते. या थराची पुढची कड म्हणजे शॉक वेव्ह.

किती तापते? हिशोब गमतीचा आहे. ११ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूत सुमारे ६ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक किलो टीएनटी फुटल्यावर साधारण ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे हे यान स्वतःच्या वजनाच्या चौदापट स्फोटकाइतकी ऊर्जा घेऊन पृथ्वीवर येतं, आणि ती सगळी पाण्यात उतरण्याआधी कुठेतरी टाकून द्यायची असते. शाळेतलं सूत्र वापरून ही ऊर्जा हवेत उतरवली तर हवेचं तापमान साठ हजार केल्विनच्या घरात येतं. प्रत्यक्षात ते सुमारे अकरा हजार केल्विन एवढंच भरतं. मधले पन्नास हजार गेले कुठे? ते रेणू फोडण्यात खर्ची पडले. दोन हजार केल्विनच्या पुढे ऑक्सिजनचे रेणू तुटून सुटे अणू व्हायला लागतात, चार हजारांच्या पुढे नायट्रोजनचे, आणि नऊ हजारांच्या वर अणूंमधले इलेक्ट्रॉनही सुटतात. तुटण्यात ऊर्जा खपते, म्हणून तापमान तेवढं चढत नाही. सुटे झालेले इलेक्ट्रॉन यानाभोवती विद्युतभारित वायूचं आवरण तयार करतात आणि रेडिओ संपर्क काही मिनिटं तुटतो. नियंत्रण कक्षात सगळे श्वास रोखून बसतात ती हीच मिनिटं.

इथे वेगाचा हिशोबही समजून घ्या. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकातून परतणारं यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने येतं. ११ आणि पावणेआठ यांत दीडपटही फरक नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट होते. गरम वायूला टेकून कवचाकडे येणारी उष्णता साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे पावणेतीनपट. आणि त्या चकाकणाऱ्या वायूतून प्रारणाने, म्हणजे उजेडासारखी थेट येणारी उष्णता तर त्याहूनही कितीतरी चढ्या घाताने वाढते. पावणेआठ किलोमीटरला ती जवळजवळ सोडून दिली तरी चालते, अकराला ती हिशोबात धरावीच लागते. म्हणून स्थानकावर जाऊन-येऊन असलेल्या देशाला किंवा कंपनीला चंद्रावरून परत येणं आपोआप जमतं, असं समजू नये.

यावरचा पहिला उपाय १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी शोधला. तोवर सगळे टोकदार नाकाच्या मागे होते, कारण टोकदार वस्तू हवा कापत जाते. या दोघांनी दाखवलं की परत येताना यान बोथट हवं. बोथट पृष्ठभागापुढे शॉक वेव्ह चिकटून न राहता थोडी दूर उभी राहते आणि बहुतेक उष्णता यानाला न लागता बाजूने वाहून जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. तळाची वक्रता जितकी सपाट, तितकी मधोमध लागणारी उष्णता कमी. ओरायनचा तळ पाच मीटर व्यासाचा आणि बशीसारखा पसरट आहे तो याचसाठी.

तरीही कवचाचा पृष्ठभाग सुमारे २,७६० अंश सेल्सियसपर्यंत जातो. मग कवचच खर्ची घालायचं. ओरायनच्या कवचावर अ‍ॅव्हकोट नावाचा रेझिनचा थर आहे. अपोलोवरही याच नावाचा थर होता. बाहेरून उष्णता शिरली की रेझिन विघटित होऊन त्याचा वायू बनतो आणि मागे कोळशासारखा सच्छिद्र थर उरतो. हा वायू त्या छिद्रांतून बाहेर येतो, येताना कोळशाला थंड करतो आणि बाहेर पडल्यावर तप्त हवेला पृष्ठभागापासून थोडं लांब ढकलतो. वरचा कोळसा लालबुंद होऊन उष्णता परत बाहेर फेकत राहतो. शेवटी तोही झिजतो, पण तोवर खालचा थर कामाला लागलेला असतो. आत बसलेल्या माणसांपर्यंत काही पोहोचत नाही: आर्टेमिस १ मध्ये केबिनचं तापमान २४ अंशांच्या आसपास होतं. त्या दिवशी आत माणसं असती तरी त्यांना काही कळलं नसतं, असं नासाने म्हटलं ते यामुळे.

आता टवक्यांकडे. ओरायन सरळ खाली येत नाही. ते वातावरणात एकदा बुडी मारतं, वेग थोडा उतरवून पुन्हा वर उसळतं आणि मग दुसऱ्यांदा आत शिरतं. यानाचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असल्याने ते थोडं तिरकं उडतं आणि त्याला विमानासारखी, पण अगदी तुटपुंजी उचल मिळते. यान स्वतःभोवती फिरवून ही उचल हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली वळवायची. याने अंतराळवीरांवरचा भार अपोलोच्या वेळच्या, स्वतःच्या वजनाच्या जवळपास सातपटीवरून चारपटीपर्यंत उतरतो, आणि चंद्रावरून कधीही निघालात तरी उतरायची जागा हजारो किलोमीटर मागेपुढे करता येते. चीनच्या चांग-ई ५ ची कुपीही डिसेंबर २०२० मध्ये अशीच उसळी घेत परतली.

घोटाळा झाला तो या दोन बुड्यांच्या मधल्या वेळात. यान वर असताना बाहेरून येणारी उष्णता कमी झाली, म्हणून वरचा सच्छिद्र कोळसा बनणं मंदावलं. पण आधीच आत शिरलेली उष्णता खाली झिरपतच होती आणि तिथे वायू बनतच होता. वायू तयार, वाट मात्र बंद. तव्यावरच्या घावनाला जाळी पडते, वाफ निघून जाते, घावन सपाट राहतं. पुरीला जाळी नसते म्हणून ती टम्म फुगते. कवच काही पुरीसारखं फुगू शकत नाही, त्यामुळे त्याला भेगा गेल्या आणि वरचा भाजलेला भाग तुकड्यातुकड्यांनी उडाला.

गंमत आता बघा. उड्डाणाआधी जमिनीवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत या टप्प्यातली उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली होती. इंजिनीअर लोकांची ती सवयच: जास्त कडक परीक्षा घ्यायची म्हणजे खऱ्या परीक्षेत नापास व्हायला नको. पण जास्त उष्णतेत कोळसा झपाट्याने बनला, छिद्रं पडली, वायू निघून गेला आणि कवच पास झालं. सौम्य उष्णतेत ते तडकलं. कडक परीक्षा म्हणजे सुरक्षित परीक्षा, हे गृहीतकच इथे चुकलं. या एका वाक्यासाठी मी तुम्हाला एवढा वेळ बसवून ठेवलं.

अपोलोच्या वेळी अ‍ॅव्हकोट तीन लाखांहून अधिक छोट्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत हाताने भरलं होतं. आर्टेमिससाठी ते वेळखाऊ काम टाळून १८६ मोठे ठोकळे बसवले. आर्टेमिस २ च्या यानाला, म्हणजे रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कॉक आणि जेरेमी हॅन्सन या चौघांसाठी ठरलेल्या यानाला, कवच आधीच बसवून झालेलं होतं, आणि त्यातून वायू निघायला आणखीच कमी वाव होता. नासाने कवच न बदलता परतीचा मार्ग बदलायचं ठरवलं: दोन बुड्यांमधलं अंतर कमी करायचं, म्हणजे कवच त्या अडचणीच्या सौम्य उष्णतेत कमी वेळ राहील. वायूला वाट देणारं नवं मिश्रण पुढच्या मोहिमांसाठी ठेवलं. चार्ल्स कॅमार्डा या माजी अंतराळवीराने यावर जाहीर टीका केली, आणि ते या विषयातले जाणकार आहेत. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया या अंतराळ शटलमध्ये कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी मृत्युमुखी पडल्यानंतर जे पहिलं शटल उडालं, त्यात ते होते. कोलंबियाचाही घात उष्णतारोधक भागाला पडलेल्या भोकानेच केला. माझं मत विचाराल तर मार्ग बदलण्यामागचं भौतिकशास्त्र मला पटतं, पण दीड वर्ष फोटो दडवून ठेवणं अजिबात पटत नाही.

जाता जाता, दुसऱ्या टोकाच्या उत्साहाबद्दल. चंद्रावरच्या हेलियम-३ ने, म्हणजे अणुइंधन म्हणून सुचवल्या जाणाऱ्या हेलियमच्या एका प्रकाराने, जगाचा वीजप्रश्न सुटणार, असं अधूनमधून छापून येतं. तो हेलियम तिथल्या मातीत अब्जावधी कणांमागे मोजके कण इतकाच आहे आणि त्यावर वीज देणारी अणुभट्टी पृथ्वीवर कुठेच चालू नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात गच्चीवर येण्याऐवजी दारं-खिडक्या लावून बसलेले आणि हेलियमच्या नावाने शेअर सुचवणारे, दोघांना एकाच रांगेत उभं करायला माझी हरकत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न यायला वेळ आहे असं वाटत असेल तर तसं नाही. इस्रोने जानेवारी २००७ मध्ये साडेपाचशे किलोची एसआरई-१ कुपी कक्षेतून सुखरूप बंगालच्या उपसागरात उतरवली, आणि गगनयानही कक्षेतूनच परतणार आहे. म्हणजे हा सगळा अनुभव पावणेआठ किलोमीटरच्या वेगाचा. भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचं उद्दिष्ट २०४० चं आहे. पण त्याआधी चंद्रयान-४ आहे, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ते चंद्रावरची माती घेऊन येणार, आणि ती कुपी पृथ्वीच्या वातावरणात शिरेल तेव्हा तिचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरच्या आसपास असेल. त्या वेगाला आपलं कवच पहिल्यांदा तोंड देईल तेव्हा आत माणूस नसेल, दगड-माती असेल. कवचाच्या चाचणीत उष्णता किती जास्त धरली, याबरोबर किती कमी धरली हेही मला इस्रोला विचारायचं आहे.