मिटिंग कुठे भरते?

‘ए.ए.ची मिटिंग कुठे असते हो?’ हा प्रश्न तोंडातून निघायला काहींना दहा-दहा वर्षं लागतात. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला समूह. कसाबसा विचारला, तर सांगितलेल्या पत्त्यावर पाटी दिसत नाही. रस्त्यावर जाहिरात नसते, आत कार्यालय थाटलेलं नसतं. दारात नुसतं घुटमळून परत फिरणारे कितीतरी असतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की हे असं का आहे.

ही गोष्ट सुरू झाली तीच मुळी एका शोधापासून. मे १९३५, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन, म्हणजे टायरच्या कारखान्यांचं गाव. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन तिथे एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत गेला आणि हरला. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, लोकांचं हसणं-खिदळणं. दुसरीकडे टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. न्यूयॉर्कमध्ये तो दारुड्यांना समजावत फिरला होता. त्यातला एकही सुधारला नव्हता, पण तेवढा काळ तो स्वतः प्यायला नव्हता. हे आठवलं आणि तो फोनकडे वळला. ‘मला एखादा दारुडा भेटवा’ अशी त्याची मागणी होती. एका पाद्रीकडून नावं मिळाली, फोनवर फोन झाले आणि अखेर हेन्रिएटा साईबरलिंग या बाईंनी दाद दिली.

१२ मेला संध्याकाळी त्यांच्याकडे बिलला भेटायला डॉ. बॉब स्मिथ आले. पेशाने सर्जन, व्यसनाने पोखरलेले. ‘पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही’ असं बजावून आले आणि उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्यांनी भरपूर ऐकला होता. बिल मात्र फक्त स्वतःचं सांगत होता. माझ्या मते बैठकीचा सगळा प्राण या पाच-सहा तासांत आहे. पुढचे नियम, पायऱ्या, पुस्तकं ही त्याभोवती उभारलेली भिंत.

जूनमध्ये डॉक्टर पुन्हा घसरले. अधिवेशनाला गेले, पिऊन परतले आणि शस्त्रक्रिया तर ठरलेली. त्या सकाळी हातांची थरथर थांबावी म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ धरतात आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिन. (आजच्या वाचकासाठी एवढं सांगतो: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. आकडी येते, भ्रम होतो. आधी डॉक्टर गाठा, मिटिंग त्याच्या जोडीला.)

१९३९ मध्ये दारूपासून दूर राहण्याच्या बारा पायऱ्या सांगणारं पुस्तक आलं. मार्च १९४१ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्टने या मंडळींवर मोठा लेख छापला आणि त्या एका वर्षात सभासद सुमारे २,००० वरून ८,००० वर गेले. मग मिटिंगांच्या याद्या लागल्या, फोन उचलायला माणसं लागली. गर्दीबरोबर भांडणंही आली. त्यातून बारा परंपरा घडल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. पाटी का नसते, याचं उत्तर इथे आहे. समूहाने मालमत्तेच्या भानगडीत पडायचं नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, प्रचार करायचा नाही, नाव उघड करायचं नाही. सभासदत्वाला अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही. म्हणून तर मिटिंग मागून घेतलेल्या खोलीत भरते. शाळेचा वर्ग असला, तर भिंतीवर मुळाक्षरं, बाकं गुडघ्याला टेकणारी, कोपऱ्यात चहाची किटली. शेवटी फिरवलेल्या झोळीत कुणी दहाची नोट टाकतो, कुणी काहीच नाही.

भारतात ए.ए.चा आरंभ ५ मे १९५७ धरतात आणि त्याची मुळं मुंबईत रुजली. मुंबई राज्यात तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा होता. ‘मी दारुडा आहे’ असं चारचौघांत म्हणायला त्या काळात केवढं धैर्य लागलं असेल! १९८१ मध्ये फादर जो परेरांनी मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण उभं राहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. ही उपचार केंद्रं, ए.ए. वेगळं. पण केंद्रातून घरी परतलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी कुठे बसायचं, हा प्रश्न असतोच, आणि तिथे मिटिंग लागते.

घरच्यांचंही वेगळं दालन आहे. बिलची बायको लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये अल-ॲनॉन उभं राहिलं. नवरा मिटिंगला जायला तयार नसला, तरी बायकोने तिकडे जायला हरकत नाही. त्याची परवानगी त्यासाठी लागत नाही.

पहिल्यांदा जाताना एवढंच विचारून घ्यावं: खुली की बंद? खुल्या मिटिंगला भाऊ, बायको, मित्र कुणीही सोबत बसू शकतं. बंद मिटिंग फक्त दारूची अडचण असलेल्यांसाठी. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन मिटिंगाही रुळल्या आहेत. मदतीच्या क्रमांकावर फोन केलात, तर पलीकडचा माणूस बहुधा स्वतः या दारातून आत आलेला असतो. नाव, जात, नोकरी तो विचारत नाही. ‘तुम्ही राहता कुठे?’ एवढं विचारतो आणि जवळच्या मिटिंगचा वार नि वेळ सांगतो.