घड्याळाला मनाई असलेल्या ट्रॅकवर घड्याळ कसं आलं

कसारा घाट किती मिनिटांत चढला हे चहाच्या टपरीवर छाती काढून सांगणारी एक पिढी नाशिकमध्ये होऊन गेली. त्या बढाईला पुरावा नसे. शिवाय घाटातली वेळ चालवणाऱ्याच्या हातात कमी आणि पुढे रखडलेल्या ट्रकच्या हातात जास्त. आज त्याच शहरातली काही हौशी मंडळी वर्षातून एक-दोनदा रजा टाकून, हजार-बाराशे किलोमीटरांहून लांबच्या चेन्नई-कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेतात आणि एका फेरीला मागच्या खेपेपेक्षा अर्धा सेकंद कमी लागला म्हणून खुशीत परततात. टपरीवरून इथवरची वाट बरीच वळणावळणाची आहे.

ट्रॅक ही गोष्टच मुळी रस्त्यावरच्या बंदीतून जन्मली. ब्रिटनमध्ये 1903 च्या कायद्याने मोटारींना ताशी 20 मैलांची मर्यादा घातली. मग वेगाची परीक्षा घ्यायची कुठे? ह्यू लॉक किंग या धनाढ्य जमीनदाराने लंडनजवळच्या सरे परगण्यात आपल्याच जमिनीवर ब्रुकलँड्स बांधलं. 1907 मध्ये खुलं झालेलं हे मोटारशर्यतींसाठी खास बांधलेलं जगातलं पहिलं सर्किट. जर्मनीत 1927 मध्ये नुरबर्गरिंग सुरू झालं आणि तिथे सर्वसामान्य माणसाला पैसे भरून स्वतःची गाडी फिरवण्याची मुभा मिळाली. ट्रॅक डे, म्हणजे पैसे भरून ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याचा दिवस, याचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं.

पण सामान्यांना ट्रॅक खऱ्या अर्थाने मिळवून दिले ते दुसऱ्या महायुद्धाने. लढाई संपली, विमानतळ ओस पडले आणि त्यांच्या कडेचे गोल रस्ते आयतेच हाती आले. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड, दोन्ही 1948 ची. आपल्याकडेही हेच घडलं. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी कित्येक दशकं भारतीय शर्यतींचं माहेरघर होती, मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही गाड्या पळाल्या. नाशिकच्या वाट्याला हे का आलं नाही, असा प्रश्न पडतो. ओझरला धावपट्टी आहे खरी, पण तिथे 1960 च्या दशकात मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. रिकामी धावपट्टी आमच्या नशिबी नव्हती!

शोलावरमच्या जमान्यात ट्रॅकवर उतरणं हा मात्र संस्थानिक, उद्योगपती आणि हाताने गाडी बांधू शकणाऱ्या मोजक्या मेकॅनिकांचा खेळ होता. अ‍ॅम्बेसेडर नाहीतर फियाट असलेल्या मध्यमवर्गीयाने काय पळवायचं? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि चित्र पालटलं. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिचंच इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही स्वस्त रेसिंग कार तयार केली. माझ्या मते भारतीय हौशी मोटारस्पर्धेचा खरा पाया तोच. 1995 मध्ये ते विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाचा. त्याआधीच, 1990 मध्ये, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक सुरू केला होता. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 2011 चं. फॉर्म्युला वन तिथे तीनच वर्षं टिकलं, पण ज्या वळणांवर सेबास्टियन व्हेटेल जिंकला तिथे स्वतःची हॅचबॅक घालण्याचं आकर्षण उरलंच.

आता घड्याळाकडे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, ही त्याची व्याख्याच. ब्रिटनमधल्या बहुतेक ट्रॅक डेंना लॅप टाइम, म्हणजे एका फेरीची वेळ, नोंदवायला आजही मनाई असते, कारण वेळ मोजली की ती स्पर्धा ठरते आणि विम्याचं गणित फिरतं. नुरबर्गरिंगवरही पर्यटक-फेऱ्यांत वेळ घेता येत नाही. शौकीन मग एका पुलापासून एका कमानीपर्यंतची वेळ गुपचूप मोजतात. भारतातल्या खासगी गाडीच्या पॉलिसीतही संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर पदरचेच पैसे जातात, हे घरी सांगून निघालेले बरे.

वेळ मोजण्यावरच्या या मनाईला बगल मिळाली ती आकाशातून आलेल्या संकेताने. अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. 2 मे 2000 रोजी ते बंद झालं आणि सुमारे शंभर मीटरपर्यंतची चूक एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आली. पुढे खिशातल्या फोनमध्येच चिप आली. त्याआधी वेळ हवी तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, स्टॉपवॉच धरलेला मित्र लागे, नाहीतर गाडीला फेरीची नोंद करणारा ट्रान्सपाँडर. फोन सहसा सेकंदाला एकदाच जागा टिपतो. ताशी 144 किलोमीटर वेगात गाडी तेवढ्यात 40 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पोचलेली मंडळी सेकंदाला दहादा टिपणारा वेगळा रिसीव्हर डॅशवर चिकटवतात. तिथे अंतर 4 मीटरवर येतं आणि मधला हिशेब अ‍ॅप लावतं. आता कोणत्या वळणावर ब्रेक लवकर दाबला हेही रात्री हॉटेलच्या खोलीत दिसतं. झोप उडते ती त्याने!

जपानमध्ये या नादाची रीतसर स्पर्धा झाली, टाइम अटॅक, म्हणजे एकच फेरी कमीत कमी वेळात मारण्याची. सुमारे 2 किलोमीटरच्या त्सुकुबा सर्किटवर मिनिटाच्या आत फेरी मारणं हा तिथल्या हौशी ट्यूनरांचा, म्हणजे गाडीत फेरफार करून तिचा वेग वाढवणाऱ्यांचा, मोठा मान.

नाशिकला हा नाद नवा नाही, फक्त त्याची चाकं वेगळी होती. 2015 मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. सकाळी गंगापूर रोडला पळणाऱ्यांच्या तोंडी 'पीबी' (पर्सनल बेस्ट, स्वतःची सर्वोत्तम वेळ) हा शब्द केव्हाच रुळलाय. मोटारीचं बाळकडूही आहेच: सातपूरला महिंद्राचा आणि पूर्वी मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉशचा कारखाना, अंबडला लेथवर काहीही करून देणारे कारागीर. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' हीदेखील नाशिकच्या परिसरात झाली आहे. पण रॅली मातीच्या रस्त्यावरची, एकेक टप्प्याची. त्याच डांबरावर तेच वळण विसाव्यांदा घ्यायचं तर सर्किटच हवं. रस्त्यावर तो प्रयोग करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 189 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड.

त्यातल्या त्यात जवळच्यांपैकी एक म्हणजे इंदूरजवळच्या पिथमपूरची 11.3 किलोमीटरची वेगवान चाचणी-धाव, 2021 मध्ये सुरू झालेली. आग्रा रोडने चारेकशे किलोमीटर. पण ती कंपन्यांच्या चाचण्यांसाठीची, लंबवर्तुळाकार. ब्रेक कुठे सोडायचा आणि गाडी आत कधी घालायची हा प्रश्नच तिथे पडत नाही. त्यामुळे आमची मंडळी अजूनही डिकीत जादा ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलचा डबा टाकून दक्षिणेचाच रस्ता धरतात.