पेन्सिलीआधी कणकेचा गोळा

जून जवळ आला की साडेतीन वर्षांच्या मुलांच्या घरी गिरवण्याच्या वह्या येतात आणि बालवाडीत पाऊल टाकण्यापूर्वी निदान मुळाक्षरे व वीसपर्यंतचे आकडे लिहिता यावेत, म्हणून मुलाला रोज संध्याकाळी पेन्सिल देऊन बसवले जाते. हा आग्रह किती अवेळी आहे, हे त्या वयाच्या हाताचा एक्स-रे पाहिला तर चटकन लक्षात येते. प्रौढ माणसाच्या मनगटात 8 लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी मात्र ती कूर्चेच्याच, म्हणजे मऊ, लवचीक ऊतीच्या रूपात असतात आणि पुढे एकामागून एक हाडात बदलत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यांपैकी साधारण तीन-चारच दिसतात आणि मटाराच्या दाण्याएवढे शेवटचे हाड उमटायला नववे ते बारावे वर्ष उजाडते. अर्थात, केवळ हाडांमुळे लिहिणे अडते असे म्हणणे चुकीचे ठरेल. तळहातातील लहान स्नायूंची ताकद, अंगठा व बोटांचा मेळ आणि डोळ्यांना दिसलेली रेघ हाताने उतरवण्याची क्षमता हे सारे याच वर्षांत घडत असते. मनगट स्थिर ठेवून फक्त बोटे हलवणारी पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागते.

तोपर्यंत या हाताला कणकेचा गोळा मळायला द्यावा, मटार सोलायला बसवावे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू द्यावेत. चिमटा उघडताना अंगठा तर्जनीसमोर येऊन दाब देतो, म्हणजे पुढे पेन्सिल धरणारेच स्नायू कामाला लागतात, आणि मुलाला तो अभ्यास वाटत नाही.

वर्गात त्याहून अधिक उपयोगी पडते ती स्वतःला आवरण्याची क्षमता. मानसशास्त्रज्ञांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मुलाला चित्रांची पत्ती आधी रंगानुसार लावायला सांगतात आणि मग नियम बदलून आकारानुसार लावायला सांगतात. तीन वर्षांची बरीच मुले नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात, पण हाताने पत्ती जुन्याच नियमाने ठेवतात; पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हा बदल जमतो. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे नियंत्रण करतो, त्याची वाढ विशीपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहते. त्यामुळे ‘ऐकतच नाही’ म्हणून ज्या मुलाला बोलणी बसतात, ते पुष्कळदा हट्टी नसून अजून घडत असते. आपल्याकडचा ‘चिमणी उड, कावळा उड’ हा खेळ या क्षमतेचा उत्तम सराव देतो, कारण त्यात ‘म्हैस उड’ ऐकल्यावर वर निघालेले बोट ऐनवेळी रोखावे लागते. सूचना मात्र एका वेळी एक, फार तर दोन द्याव्यात.

आकड्यांबाबत एक फरक समजून घ्यायला हवा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल ‘मला पाच वाट्या दे’ म्हटल्यावर अनेकदा ओंजळभर वाट्या आणून ठेवते, कारण शेवटी म्हटलेला आकडा हीच एकूण संख्या, ही समज पाठांतराच्या बरीच मागून येते. घरातल्या माणसांइतकी ताटे मांडायला लावली, की ती समज कामातून रुजते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी या गावी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील बिया, पाने, दगड यांचाच आधार घेतला होता. अक्षरांच्या बाबतीत बडबडगीते हेच काम करतात. यमक ओळखणाऱ्या कानाला शब्दांतले आवाज वेगळे करणे पुढे सोपे जाते.

पहिल्या दिवसाच्या रडण्याची पालकांना फार धास्ती असते. आईवडिलांपासून दूर होण्याची भीती पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरू लागते. तरी नव्या जागी, अनोळखी बाईंसमोर ती पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी मुलाची नजर चुकवून निघून जाणे सोयीचे वाटले, तरी त्यातून मूल एवढेच शिकते की माणसे न सांगता नाहीशी होतात, आणि दुसऱ्या दिवशी ते अधिकच बिलगते. निरोप थोडक्यात घ्यावा, पण सांगून घ्यावा. ‘बारा वाजता येईन’ या वाक्याचा या वयात उपयोग नाही. ‘गाणी होतील, डबा खाशील, मग आजी येईल’ हा क्रम मुलाला कळतो, आणि आजीने त्या वेळी खरोखर दारात असावे लागते.

बाकीची तयारी साधी आहे. शी-शू लागल्याचे बाईंना कळेल अशा शब्दांत सांगणे, चड्डी स्वतः खाली-वर करणे, डब्याचे झाकण उघडणे या गोष्टी मे महिन्यातच सुरू कराव्यात. या वयाला दुपारच्या डुलकीसह दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप लागते, म्हणून सकाळची शाळा असेल तर रात्रीची निजण्याची वेळ शाळेआधी दोनेक आठवडे रोज थोडी थोडी अलीकडे आणावी. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वरचेवर होईल, कारण इतक्या मुलांचे विषाणू त्याला प्रथमच भेटत असतात. साबणाने हात धुण्याची सवय घरूनच लावावी आणि ताप असेल त्या दिवशी त्याला शाळेत पाठवू नये.