जैविक गाळणी

जैविक गाळणी : मत्स्यतलाव, पुनर्चक्रित मत्स्यसंवर्धन (तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारी मत्स्यशेती) व ॲक्वापोनिक्स (माशांच्या पाण्यावर वनस्पती वाढवण्याची पद्धत) यांच्या पाण्यातील अमोनियाचे सूक्ष्मजीवांकरवी आधी नायट्राइटात व नंतर बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटात रूपांतर घडवून आणणारी रचना. गाळ अडवणाऱ्या यांत्रिक गाळणीहून ती वेगळी असून तिचे कार्य माध्यमाच्या (गाळणीत भरलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या) पृष्ठभागावर वाढणाऱ्या जीवपटलावर (सूक्ष्मजीवांच्या पातळ थरावर) अवलंबून असते.

अमोनियाचे नायट्रेटात होणारे हे रूपांतर, म्हणजे नायट्रीकरण, ही जैविक प्रक्रिया असल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञ श्लोएझिंग व म्यून्ट्स यांनी १८७७ मध्ये दाखवले. वाळू व चुनखडीच्या थरातून झिरपणाऱ्या सांडपाण्यात काही दिवसांनी नायट्रेट दिसू लागले आणि सूक्ष्मजीवांना निष्क्रिय करणारी क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच त्याची निर्मिती थांबली. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास संबंधित जीवाणू वेगळे केले. पुढे दीर्घकाळ पहिल्या टप्प्याचे श्रेय नायट्रोसोमोनास व दुसऱ्याचे नायट्रोबॅक्टर या प्रजातींना दिले गेले. मात्र १९९० नंतरच्या दशकात मत्स्यटाक्यांतील जनुकीय तपासणीतून नायट्राइटचे ऑक्सिडीकरण मुख्यतः नायट्रोस्पायरा गटाकडून होत असल्याचे पुढे आले, आणि गोड्या पाण्याच्या गाळण्यांपुरते तरी हेच मत अधिक ग्राह्य दिसते. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा पहिला आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव) २००५ मध्ये एका सागरी मत्स्यालयाच्या टाकीतून मिळवण्यात आला. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायरांचे वर्णन २०१५ मध्ये झाले व त्यांतील काहींचा उगम मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतच होता. कोणत्या गटाचा वाटा किती, हे अमोनियाचे प्रमाण, तापमान व माध्यम यांनुसार बदलत असावे. नव्या गाळणीत जीवाणू सोडताना हा वाद व्यवहारात उतरतो : चालू, निरोगी गाळणीतील थोडे माध्यम आणून घालणे हे तयार जीवाणूद्रवापेक्षा अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यासोबत तेथे खरोखर टिकलेला समूह येतो.

गाळणीचा आकार तलावाच्या घनफळावरून ठरवण्याची पद्धत रूढ असली तरी अमोनियाचा उगम खाद्यातील प्रथिनांत असल्याने रोजच्या खाद्यावरून केलेले गणित अधिक योग्य होय. खाद्याचे वजन, प्रथिनांचा अंश व ०.०९२ हा गुणांक यांचा गुणाकार म्हणजे रोजचा अमोनिया-नायट्रोजन. ३२ टक्के प्रथिनांचे २ किग्रॅ. खाद्य दिल्यास तो सुमारे ५९ ग्रॅम भरतो. दर चौरस मीटरमागे दिवसाला ०.५ ग्रॅम असा नायट्रीकरणाचा बेताचा वेग धरला, तर सुमारे ११८ चौ. मी. पृष्ठफळ लागते, आणि घनमीटरमागे ५०० चौ. मी. उपयुक्त पृष्ठफळ देणारे प्लॅस्टिक माध्यम वापरल्यास ते सुमारे २३६ लिटर होते. थंडी व कमी ऑक्सिजन यांमुळे हा वेग घटतो, म्हणून गणित वर्षातील प्रतिकूल काळाचे करावे.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो व कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७.१४ ग्रॅम क्षारता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते. वरील उदाहरणात ही रोजची गरज अनुक्रमे २७० व ४२० ग्रॅमच्या आसपास जाते. माध्यम पुरेसे असूनही गाळणी मंदावते तेव्हा या दोहोंकडे प्रथम पाहावे. क्षारता संपली की सामू (pH) घसरतो आणि नायट्रीकरण खुंटते.

नव्या गाळणीस पूर्ण क्षमतेवर येण्यास साधारणतः ४ ते ८ आठवडे लागतात. या काळात अमोनियाच्या पाठोपाठ नायट्राइटही वाढत असल्याने खाद्य थोडेथोडे वाढवणे इष्ट. अमोनियाचा विषारी, अनायनित (विद्युतभाररहित) अंश २५° से. तापमानास ७ सामूवर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर ८ वर सुमारे ५ टक्के असतो. त्यामुळे अमोनियाचे वाचन सामूवाचून अपुरे राहते. नायट्राइटची बाधा पाण्यात मीठ घातल्याने कमी होते, कारण क्लोराइडमुळे त्याचे कल्ल्यांतून होणारे शोषण घटते. वनस्पती असलेल्या ॲक्वापोनिक्समध्ये मात्र हा उपाय जपून करावा लागतो.

देखभालीत गाळ आधी अडवणे सर्वांत महत्त्वाचे. अन्यथा सेंद्रिय द्रव्यावर झपाट्याने वाढणारे परपोषी जीवाणू जागा व ऑक्सिजन बळकावतात. माध्यम तलावाच्याच पाण्यात, टप्प्याटप्प्याने व हलक्या हाताने विसळावे, कारण क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने जीवपटल मरते. पंप दीर्घकाळ बंद राहिल्यास साचलेले, ऑक्सिजनहीन पाणी तलावात न सोडता आधी काढून टाकावे.

ॲक्वापोनिक्समध्ये तरंगत्या तराफ्यांचा व मुळांचा पृष्ठभागही गाळणीचे काम करतो आणि पानभाज्यांसाठी दर चौरस मीटर लागवडीमागे दिवसाला ६० ते १०० ग्रॅम खाद्य हे प्रमाण प्रचलित आहे. वनस्पतींना पोषक द्रव्ये घेता यावीत म्हणून सामू सहसा ७ च्या आसपास राखला जातो. तो सावरण्यासाठी कॅल्शियम व पोटॅशियम यांची हायड्रॉक्साइडे आलटूनपालटून वापरल्यास खाद्यातून अपुरी मिळणारी ही दोन्ही मूलद्रव्ये पिकास पुरवली जातात.