मस्टरपासून बीआरएसआरपर्यंत: कामगारांचे आकडे वार्षिक अहवालात कसे आले

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज ठेवला. त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या 15 तारखेच्या आत. शिवाय कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय. आज शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की ‘बीआरएसआर’ नावाचा भाग दिसतो, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल. त्यातले तिसरे तत्त्व कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचे आहे आणि पाचवे मानवी हक्कांचे. या दोन तत्त्वांखालचे तक्ते वाचताना लोखंड्यांच्या अर्जातले निम्मे मुद्दे आडव्या-उभ्या रकान्यांत भेटतात. फरक वाचणाऱ्यात आहे. तो अर्ज सरकारपुढे होता, हे तक्ते गुंतवणूकदारासाठी आहेत.

मधल्या काळात आकडे नव्हते असे नाही. 1881 चा कारखाना कायदा फार तोकडा होता. शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या यांत्रिक कारखान्यांनाच तो लागू होता आणि त्याचा मुख्य रोख सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढाच होता. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचे तास अकरावर आणले आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी जून 1890 मध्येच मिळाली होती. 1948 च्या कारखाना कायद्यापर्यंत हजेरीपट, रजापुस्तक, अपघाताची नोंदवही आणि वार्षिक विवरणपत्र अशी सगळी बैठक बसली. पण हे कागद कारखाना निरीक्षकाकडे जात आणि सरकारी कपाटात राहत. भागधारकाच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात कामगार नव्हताच. 1956 च्या कंपनी कायद्यात संचालकांच्या अहवालाला कर्मचाऱ्यांची यादी जोडावी लागे, पण ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणाऱ्यांची. म्हणजे वरच्या माळ्यावरचे लोक नावानिशी छापले जात आणि खालच्या मजल्यावर किती जण आहेत हेही कळत नसे.

याला अपवाद म्हणून टाटा स्टीलचे उदाहरण सांगावेच लागते. जमशेदपूरला आठ तासांचा दिवस 1912 मध्ये सुरू झाला, कायद्याच्या कितीतरी आधी. पुढे 1979 मध्ये कंपनीने स्वतःचेच सामाजिक लेखापरीक्षण करायला बाहेरची समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल आणि सोबत रजनी कोठारी व पु. ग. मावळंकर. कामगार, ग्राहक, भागधारक आणि आसपासचा समाज यांच्याबद्दलची जबाबदारी कंपनीने पाळली का, हे त्यांना तपासायचे होते. बाहेरच्या माणसाने येऊन तपासणे हा त्यातला खरा नवा भाग. पुढची चार दशके इतरांनी नेमका तोच उचलला नाही.

जगभर ‘शाश्वतता अहवाल’ हा प्रकार रुळला तो जीआरआय, म्हणजे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्हमुळे. ही संस्था 1997 मध्ये बोस्टनला सुरू झाली आणि पहिली मार्गदर्शक तत्त्वे 2000 मध्ये आली. भारतात सरकारी पातळीवरची सुरुवात 2009 च्या ऐच्छिक सूचनांपासून धरावी. जुलै 2011 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने नऊ तत्त्वांचा संच जाहीर केला आणि तिसऱ्या तत्त्वात ‘सर्व कर्मचाऱ्यांचे कल्याण’ आले. मग शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 13 ऑगस्ट 2012 च्या परिपत्रकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल, म्हणजे बीआरआर, सक्तीचा केला. पुढे कंपन्यांची संख्या 500 वर आणि 2019 मध्ये 1000 वर गेली.

त्या जुन्या बीआरआरमध्ये कामगारांबद्दल आठ प्रश्न होते. एकूण माणसे किती, त्यात हंगामी आणि कंत्राटी किती, कायम स्त्रिया किती, दिव्यांग किती, मान्यताप्राप्त संघटना आहे का, तिचे सदस्य किती टक्के, बालमजुरी, सक्तीची मजुरी व लैंगिक छळाच्या तक्रारी किती आणि प्रशिक्षण किती जणांना दिले. अपघात? विचारलेच नव्हते. कितीजण मेले, किती जखमी झाले, हा आकडा पोलादापासून सिमेंटपर्यंत कोणत्याही कंपनीला या फॉर्ममध्ये द्यावा लागत नव्हता. बाकी अहवाल ‘होय/नाही’ आणि गुळगुळीत परिच्छेदांवर निभत असे. एका वर्षीचा मजकूर पुढच्या वर्षी जसाच्या तसा येई, फक्त साल बदललेले.

मार्च 2019 मध्ये मंत्रालयाने तत्त्वे सुधारली. तिसऱ्या तत्त्वात ‘मूल्यसाखळीतील लोकांसह’ असे शब्द जोडले गेले, म्हणजे पुरवठादाराकडचा माणूसही गृहीत धरला गेला. 2020 मध्ये या अहवालांच्या नमुन्यावर नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि 10 मे 2021 च्या परिपत्रकाने सेबीने बीआरएसआरचा नमुना आणला. 2021-22 साली तो ऐच्छिक होता, 2022-23 पासून पहिल्या 1000 कंपन्यांना सक्तीचा झाला. विमा, प्रसूतीलाभ, पाळणाघर, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), युनियनचे सदस्यत्व, किमान वेतन, मध्यक पगार, तक्रारी आणि पहिल्यांदाच अपघात, हे सगळे आकड्यांत मागितले गेले. आता परिच्छेदाने भागत नाही.

नमुन्याची पहिली अडचण शब्दाचीच. इथे ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’ यांचे दोन वेगळे तक्ते आहेत आणि व्याख्या औद्योगिक संबंध संहिता 2020 मधून घेतल्या आहेत. गंमत अशी की ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला अमलात आली. म्हणजे पहिली तीन-चार वर्षे कंपन्या अमलात नसलेल्या कायद्याच्या व्याख्येने माणसे मोजत होत्या आणि कारखान्यातले रोजचे व्यवहार 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने चालत होते. जुन्या कायद्यात महिना 10,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नसे. नव्या संहितेत ती मर्यादा 18,000 आहे. बँका आणि आयटी कंपन्यांपैकी अनेकांनी ‘आमच्याकडे कामगार नाहीत’ असे लिहून कामगारांचा तक्ता कोरा ठेवला. सुरक्षारक्षक, कँटीन आणि सफाईची माणसे कोणत्या तक्त्यात गेली, हे अशा अहवालात शोधून पाहावे. बऱ्याचदा ती कुठेच सापडत नाहीत.

युनियनच्या रकान्यातही मेख आहे. प्रश्न ‘कंपनीने मान्यता दिलेल्या संघटनेचे सदस्य किती’ असा आहे. महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानुसार मान्यता देत होते औद्योगिक न्यायालय, तेही सलग सहा महिने किमान 30 टक्के सदस्य असलेल्या संघटनेला. त्यामुळे मान्यता नसलेली पण जोरात चालणारी युनियन असलेल्या कारखान्याच्या अहवालात सदस्यत्व शून्य दिसू शकते. नव्या संहितेत एकट्याने वाटाघाटी करायला 51 टक्के लागतात. जुन्या आणि नव्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात घ्यावे लागेल.

आता अपघातांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. एलटीआयएफआर म्हणजे ज्या दुखापतीमुळे माणसाचे काम बुडाले अशा दुखापतींची वारंवारता, दर दहा लाख मनुष्यतासांमागे. समजा एका कारखान्यात 400 कायम आणि 800 कंत्राटी माणसे आहेत. 300 दिवस, 8 तास धरले तर 28,80,000 तास होतात. वर्षात अशा 3 दुखापती झाल्या तर दर येतो 1.04. हिशोब शाळकरी आहे, चुका मात्र शाळकरी नाहीत. विदेशी मूळ कंपनीच्या तक्त्यात दर 2 लाख तासांवर काढलेला असतो, तो उचलून तसाच छापला की 0.21 दिसतो, म्हणजे पाचपट कमी. दुसरी चूक जास्त वाईट. तीनपैकी एकच जखमी कायम असेल तर वर ती एकच दुखापत धरायची, पण खाली तास मात्र सगळ्या 1200 जणांचे घ्यायचे. दर 0.35 वर येतो आणि पत्रकात हिरवा बाण छापला जातो. सेबीच्या तक्त्याखाली ‘कंत्राटी मनुष्यबळासह’ अशी टीप आहे ती याचसाठी.

तासांचा अंदाजही धोक्याचा. वरच्या गणितात एकही माणूस गैरहजर नाही. 10 टक्के गैरहजेरी धरली तर तास 25,92,000 होतात आणि दर 1.16. ओव्हरटाइम धरला तर उलटे. म्हणून तास गेटवरच्या बायोमेट्रिकमधून घ्यावेत आणि ठेकेदाराच्या मस्टरशी ताडून पाहावेत. दोन्हींत तफावत निघाली तर ती सुरक्षा विभागाची नसून बहुधा पगाराची भानगड असते. आणखी एक: 1948 च्या कारखाना कायद्यानुसार कळवायचा अपघात म्हणजे 48 तास किंवा जास्त काम बुडवणारा असे. निरीक्षकाला गेलेल्या फॉर्मवरून मोजले तर एकच दिवस घरी बसलेला माणूस गळतो. जखमीला ‘हलके काम’ म्हणून टेबलाशी बसवून हजेरी लावणे ही तर सर्वज्ञात युक्ती आहे. ती पकडायची असेल तर प्रथमोपचार केंद्राची वही आणि ईएसआयची अपघात नोंद मागवावी.

बाळंतपणाच्या रजेनंतर परत येणाऱ्यांचे दोन दर असतात. रजा संपून जितक्या जणी यायला हव्या होत्या त्यांपैकी किती आल्या, हा पहिला. आल्यावर बारा महिन्यांनी किती टिकल्या, हा दुसरा. दुसऱ्याचा भाजक मागच्या वर्षी परतलेल्यांचा असतो. मागच्या वर्षी 20 परतल्या, त्यांतल्या 15 वर्षभराने कामावर आहेत, तर उत्तर 75 टक्के. चालू वर्षी परतलेल्या 25 भाजकात घेतल्या की 60 होतात. काही अहवालांत हा दर 100 च्या वर गेलेला दिसतो, तो बहुधा याच गफलतीने.

किमान वेतनाचा रकाना दोनच गोष्टी विचारतो: किमान वेतनाइतका पगार किती जणांना, जास्त किती जणांना. महाराष्ट्रात किमान वेतनात धरला जाणारा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. एप्रिलमध्ये ‘जास्त’ मध्ये मोजलेला कंत्राटी हेल्पर जुलैचा भत्ता ठेकेदाराने लावला नाही तर किमानाच्याही खाली जातो. तिसरा रकाना नसल्यामुळे तो कागदावर ‘समान’ मध्ये बसतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार फरक भरायची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ठेकेदार नेमणाऱ्या कंपनीचीच होती, हे अहवाल भरणाऱ्याला ठाऊक असते.

12 जुलै 2023 रोजी सेबीने ‘बीआरएसआर कोअर’ आणले. नऊ बाबींतले निवडक आकडे बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे, 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्यांनी आणि टप्प्याटप्प्याने 2026-27 पर्यंत 1000 कंपन्यांनी. तपासणाऱ्याने त्याच कंपनीला सल्लागारीची सेवा विकायची नाही, अशी अट आहे. कामगारांशी थेट संबंध असलेले आकडे त्यात मोजकेच आले: कल्याणावरचा खर्च उत्पन्नाच्या किती टक्के, एलटीआयएफआर, मृत्यू, कायमचे अपंगत्व, एकूण पगारात स्त्रियांचा वाटा, लैंगिक छळाच्या तक्रारी, लहान गावांत दिलेला पगार. यातला खर्चाचा आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. 2,000 कोटींच्या उत्पन्नावर 12 कोटी म्हणजे 0.6 टक्के. तेलशुद्धीकरण कंपनीच्या बाबतीत कच्चे तेल महागले की उत्पन्न फुगते आणि एकाचाही विमा कमी न करता ही टक्केवारी घसरते. शिवाय सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यावरचा खर्च यात मिसळायचा मोह होतो, जो मुळात स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी वापरताच येत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींचा आकडा 2013 च्या कायद्याने वार्षिक अहवालात आधीच मागितला होता, इथे फक्त तो महिला कर्मचाऱ्यांच्या संख्येशी जोडला गेला. हजारो स्त्रिया असलेल्या कंपनीत सलग तीन वर्षे शून्य तक्रारी असतील तर कौतुक नको, तक्रार समिती कुठे बसते ते विचारावे.

पुढची पायरी पुरवठादारांची. 28 मार्च 2025 च्या परिपत्रकाने मूल्यसाखळीची व्याप्ती आटवली. खरेदी किंवा विक्रीत एकट्याचा वाटा 2 टक्के किंवा जास्त असलेले भागीदारच धरायचे आणि एकूण मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंत थांबता येते. पहिल्या 250 कंपन्यांसाठी हे 2025-26 पासून ऐच्छिक आहे. बाहेरच्या तपासणीत ‘हमी’ ऐवजी ‘मूल्यांकन’ हा सौम्य पर्यायही त्याच परिपत्रकाने दिला. प्रत्यक्षात होते असे की चाकण किंवा सातपूरच्या 60 माणसांच्या प्रेसशॉपला मोठ्या गिऱ्हाइकाकडून चाळीस रकान्यांची एक्सेल फाइल येते आणि ती भरतो अकाउंट्सचा मुलगा. 60 माणसांचे वर्षाचे तास 1,44,000. पॉवर प्रेसवर एकाचे बोट गेले तर दर थेट 6.94. शेजारच्या रकान्यात 1200 माणसांच्या गिऱ्हाइकाचा 1.04 असतो, तीन अपघात होऊनही. एवढ्या लहान युनिटला दहा लाख तासांचा हिशोब लावण्यात अर्थ नाही. अपघातांची संख्या, तास आणि प्रेसला सुरक्षेचे आवरण (गार्ड) होते की नाही, एवढेच मागितले तरी पुरे. दर मागितला तर त्या रकान्यात शून्य येणार, आणि आजवर आलेल्या बहुतेक फायलींत तेच आले आहे.